चारची रिंग

"नवं नेटवर्क म्हणे. जुन्यात निदान खिडकीत तरी दोन दांड्या यायच्या."

ताई आईच्या खिडकीत फोन उंच धरून पुटपुटत होती. दादाने ऐकलं. मान वर केली नाही.

हे माझ्यासमोर घडलंय. मला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे, घरचे साक्ष देतील. पण यात एक चिमूटही नाही.

रविवार होता. दुपारचे पावणेचार. आई जाऊन अठरा दिवस झाले होते आणि आम्ही तिघं भावंडं तिचं घर आवरायला जमलो होतो.

आई एकटी राहायची. जवळ बटणांचा जुना फोन. नवा घे म्हटलं की म्हणायची, "काचेला काय कळतंय बोट कुणाचं ते? ही बटणं मला अंधारातही सापडतात."

रोज चारला ती तिघांना एकेक मिस्ड कॉल द्यायची. आधी मला, मग ताईला, शेवटी दादाला. एक रिंग आणि कट. म्हणजे, मी बरी आहे, तुमची कामं करा.

मग फोन कंपनीने जुनं नेटवर्क बंद करायचं ठरवलं; आईचा फोन तेवढ्यावरच चालायचा. दादा त्याच कंपनीत टॉवरचं काम बघतो. आईला कंपनीचे मेसेज यायचे, ती दादाला विचारायची. तो म्हणायचा, "मी बघतो गं."

ती शेजारणीला ऐटीत सांगायची, "पोरगा तिथेच बसलाय. माझं कोण बंद करणार?"

एका मंगळवारी चारला रिंग आली नाही.

मला वाटलं, ताईला आली असेल. ताईला वाटलं, दादाला आली असेल.

बुधवारीही तेच.

गुरुवारी शेजारणीने कुलूप तोडून घेतलं. आई न्हाणीघराबाहेर पडली होती. खुबा मोडलेला. फोन मुठीत. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दीडेक दिवस जिवंत असाव्यात.

आम्ही सगळ्यांना सांगितलं, झटक्यात गेली. आपसातसुद्धा तेच म्हणत राहिलो.

तर, त्या रविवारी मी तिचा फोन उघडला. झाकण, बॅटरी, फोन, तिन्ही वेगळे करून टेबलावर ठेवले.

"त्यात पाहिलंस का..." ताई म्हणाली. "शेवटी कुणाला लावला होता ते?"

"नाही. आणि पाहणारही नाही."

दादा भांड्यांचं खोकं बांधत होता. चिकटपट्टीची टरटर तेवढी ऐकू येत होती.

मग तीही थांबली...

माझा फोन वाजला.

एक रिंग. कट.

स्क्रीनवर... आई.

चार वाजले होते.

मी टेबलाकडे पाहिलं. तिन्ही तुकडे जिथल्या तिथे.

"नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल," ताई घाईघाईने म्हणाली. "देतात तसे..."

तिच्या हातातल्या फोनची रिंग झाली. एकच.

आम्ही दोघींनी दादाकडे पाहिलं.

त्याच्या खिशात वाजलं. एक रिंग...

दुसरी...

तिसरी...

थांबेचना.

"उचल," ताई म्हणाली.

"त्या नंबरवरून फोन लागूच शकत नाही, ताई."

"उचल म्हणते ना."

त्याने उचलला. मी त्याला खेटून उभी होते, मलाही ऐकू आलं. बोलणं नव्हतं. फरशीवरून काहीतरी सरकत होतं... थांबत होतं... पुन्हा सरकत होतं. मग बटणं दाबल्याचा आवाज. एकेक. सावकाश.

मग काहीच नाही.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. चार वाजत आले की मी फोन ठेवून दुसऱ्या खोलीत जाते.

दादा खोक्यावर बसला. खोकं कचकन दबलं, तरी उठला नाही.

"जुनं बंद करायच्या आधी यादी येते," तो म्हणाला. "त्या टॉवरवर अजून कुणाकुणाचे फोन चालू आहेत, त्याची. एखाददुसरा उरला तर थांबत नाही कुणी."

ताई खिडकीपाशीच उभी राहिली. "किती उरले होते?"

"एक."

आम्ही पुढचं विचारायच्या आधी तो स्वतःच बोलला.

"आईचा होता. मला दिसला होता. म्हटलं, शनिवारी नवा फोन नेऊन देऊ... आणि मी बंद केला."