गोणपाटाखालची भिंत

मी फाटकावर ‘घर विकणे आहे’ची पाटी ठोकत होते, आणि एक परका माणूस माझ्या भिंतीवर बोटांनी टकटक करत होता.

“हे सिमेंट कुठल्या शहाण्यानं भरलं?”

“माझ्या बाबांनी. आईला गारठा बाधू नये म्हणून.”

तो ओशाळला, टोपी काढली. “माफ करा… पण दगडी भिंतीला श्वास लागतो. सिमेंटनं ओल आत कोंडलीय.”

विल्फ रेस्ट्रिक, गवंडी. यॉर्कशरच्या आमच्या डोंगरात वाट चुकून आलेला. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. तीन वर्षं बाबांचं आजारपण काढलं, ते गेले; आता हे तीनशे वर्षांचं घर विकून कुठल्यातरी कोरड्या खोलीत नुसतं झोपायचं होतं. पण ओल धरलेलं घर घेणार कोण? त्याला कामावर ठेवलं.

महिनाभर तो सिमेंट खरवडून सांध्यांत चुना भरत होता. चहाला, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, माझ्या फळांच्या केकवर चीजचा तुकडा ठेवून खायचा.

“हेस्टरबाई, हसलात की बऱ्या दिसता.”

“आणि तुम्ही चुन्यानं माखलात की म्हातारे दिसता.”

“म्हणजे एरवी तरुण?”

मी कप उचलून आत गेले… आणि भांडी घासताना हसले. किती दिवसांनी, देव जाणे!

काम संपलं. चुना सावकाश वाळावा म्हणून त्यानं भिंतीवर गोणपाटं टांगली, आणि ती भिजवायला तो रविवार सोडून रोज बादली घेऊन येऊ लागला.

काल दलालाचा फोन आला. गिऱ्हाईक सहीला तयार होतं. “भिंत वाळू दे,” मी म्हणाले. तिसऱ्यांदा.

आज विल्फ पाणी मारत असताना मी विचारलं, “चुना किती दिवस ओला ठेवतात हो?”

त्याचा हात थांबला. “आठवडाभर…”

“आज एकोणिसावा दिवस आहे.”

त्याचे कान लालबुंद झाले. “तुम्हाला… कधी कळलं?”

“दहाव्या दिवशी. शेजारीण म्हणाली.”

“मग बोलला का नाहीत?”

मला एकदम रडू आलं. थकल्यामुळे असेल, किंवा नसेलही.

“रविवारी तू येत नाहीस ना, विल्फ… रविवारी गोणपाटं मी भिजवते.”

त्यानं बादली खाली ठेवली.

“मग दलालाला काय सांगशील, हेस्टर?”

“सांगेन काहीतरी. आधी फाटकावरची ती पाटी काढ. मी फार दमलेय रे.”