‘नाइस’चं मोडलेलं पान

छापखान्याची मालकीण रडकुंडीला आली होती आणि छडा लावायला आलेली भिंगरी टेबलाभोवती फेऱ्या घालत होती. एका जागी ठरेल तर ती भिंगरी कसली! सोबत आलेले तिचे दीर, भाऊजी, मान वळवून वळवून दमले.

इंग्रजी शब्दांच्या कुळकथांचं पुस्तक आज छापायला घ्यायचं होतं. त्यातलं ‘नाइस’ या विशेषणाचं, शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा लावून जुळवलेलं पान सकाळी मोडलेलं सापडलं. किल्ल्या तिघांकडेच: मालकीण, पुस्तक लिहिणारे सर आणि खिळे जुळवणारे अण्णा. संध्याकाळपर्यंत अण्णांना कामावरून काढते, असं मालकिणीने सांगून टाकलं.

“खिळे कुठे गेले?” भिंगरीने मालकिणीला विचारलं.

“कुठेच नाही. सगळे पेटीतल्या घरांत परत. मी बाई त्यांना हात लावत नाही, कुठलं अक्षर कुठे असतं तेही माहीत नाही.”

अण्णा पान पुन्हा जुळवायला लागले होते, पण हात सारखा चुकत होता. खांदा दुखतो म्हणून गेल्या वर्षी त्यांनी अक्षरांची घरं बदलून घेतली होती. आज ‘ई’च्या घरात वरच्या थराला ‘के’च निघत होते.

“वय झालं, अण्णा,” भाऊजी म्हणाले.

“पाठ आहे हो मला. ‘नाइस’ ग्रीक, विजयावरून आलेला. पान डोक्यात आहे, खिळे सापडत नाहीत.”

सर घाईघाईने आले. तरुणपणी याच खोलीत खिळे लावून त्यांनी कॉलेजची फी भरली होती. भिंगरीने ‘नाइस’चं मूळ विचारल्यावर ते खुलले. मूळ लॅटिन, अर्थ ‘न जाणणारा’. त्यावरून मूर्ख, मग चोखंदळ, मग नाजूक, आणि आता चहापासून जावयापर्यंत सगळंच नाइस.

भिंगरीच्या फेऱ्या थांबल्या.

“नवख्याने खिळे जमिनीवर ओतले असते. इथे एकेक खिळा घरी पोचलाय, म्हणजे हात शिकलेला. मालकीणबाई सुटल्या. पण खिळे गेले जुन्या घरांत. अण्णांनी ही चूक केली नसती. हा हात घरं बदलण्याआधी इथे शिकून गेलाय.”

भाऊजींनी सावकाश सरांकडे पाहिलं.

“पानावर ग्रीक होतं, सर. तुम्ही आत्ता लॅटिन सांगितलंत.”

सरांचा चेहरा उतरला. “काल चूक सापडली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांना हसलो. वाटलं, पान पुन्हा जुळवताना गुपचूप बदलून टाकू. अण्णांवर येईल हे डोक्यातच आलं नाही.”

मालकीण अण्णांकडे बघेना. अण्णांनी खिळे लावायची पट्टी सरांच्या हातात दिली.

“लावा. घरं मी सांगतो.”

सरांनी बाह्या सरसावल्या. भिंगरीने स्टूल ओढलं आणि चक्क बसली.