आबांचा चॉकलेट पाय

"आई, पाय मोडला गं माझा… पुन्हा मोडला!"

भार्गवी फोनवर अगदी रडकुंडीला आली होती. तेवढ्यात दुकानाचं काचेचं दार ढकलून एक उंच तरुण धावतच आत शिरला. हातातली हत्यारांची पिशवी त्यानं दारातच टाकली.

"कुठं लागलं? उभं राहता येतंय का? गाडी बाहेरच आहे – वीस मिनिटांत मिरजेला दवाखान्यात पोचवतो!"

भार्गवीनं फोन कानावरून खाली घेतला आणि काउंटरवरच्या पसरट डिशकडे बोट दाखवलं. बिस्किटांच्या चुऱ्याची कड फोडून चॉकलेटचं क्रीम ओघळत होतं.

"हा पाय," ती म्हणाली. "चॉकलेट पाय."

तो डिशकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. आणि मग दोघंही असे खदखदून हसले, की फोनमधून आई 'अगं, झालंय काय?' विचारत राहिली आणि कुणी उत्तरच दिलं नाही.

वीरधवल त्याचं नाव. मूळचा सातारचा, सांगलीत फ्रिज दुरुस्तीचं काम करायचा. शेजारच्या रसवंतीतला फ्रीझर बघून परत निघताना त्याच्या कानावर तिचं रडणं पडलं होतं.

"आलोच आहे तर तुमचाही फ्रिज बघतो की," तो म्हणाला. दार उघडून त्यानं आत थर्मामीटर ठेवला, थोडा वेळ थांबला. "चार डिग्री. फ्रिज ठणठणीत आहे, मॅडम. दुखणं पदार्थातच आहे."

"माहीत आहे मला!" भार्गवी फणकारली. "अंडं नाहीये त्यात. क्रीम धरून ठेवायला दुसरं काहीतरी हवं, तेच सापडत नाहीये."

"मग अंडं घाला."

"बाहेरची पाटी वाचली नाहीत? 'शंभर टक्के अंड्याशिवाय'."

"कुणाचा तरी पाय मोडलाय म्हटल्यावर पाटी कोण वाचतंय?"

ती ओठ दाबून हसली. पण दुखणं खरंच होतं. पुण्यात बेकरीचा कोर्स करताना शिकवणारे म्हणाले होते, अंड्याशिवाय क्रीमचा पाय उभाच राहत नाही. सगळ्या वर्गासमोर भार्गवी म्हणाली होती, "मी उभा करून दाखवीन." सांगलीत दुकान टाकून आठ महिने झाले, केक, बिस्किटं, सगळं जमलं. पाय तेवढा रोज बसत होता.

वीरधवलनं चमचा मागितला. एक घास खाल्ला… आणि डिश स्वतःकडे ओढली.

"असा पाय पन्नास माणसांसाठी होईल? तीन आठवड्यांनी, सातारला?"

"आत्ता बघितलात ना त्याचा अवतार?"

"बघितला. तरी विचारतोय."

मग त्यानं सांगितलं. त्याचे आजोबा, सुभेदार नाथाजी. डेहराडूनच्या मेसमध्ये त्यांनी हा पदार्थ पहिल्यांदा खाल्ला, तेव्हापासून त्याचे गोडवे गात आले. पुढं गळ्यात माळ घातली आणि अंडं सुटलं. मनातून पाय मात्र सुटला नाही. आता त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस येत होता.

"आणखी एक…" वीरधवल थर्मामीटर पुसत राहिला. "मी फौजेत जावं अशी त्यांची फार इच्छा होती. तीनदा भरतीला गेलो, तीनदा गुडघ्यामुळं परत आलो. फ्रिजचं काम धरलं तेव्हापासून आबा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. वाटलं, एवढं तरी त्यांच्यासाठी करावं."

भार्गवी त्याच्या हातांकडे बघत होती. ग्रीसचे काळे डाग, आणि तरी थर्मामीटर किती जपून धरलेला.

"होईल," ती म्हणून गेली.

त्यानंतर काम संपलं की वीरधवल रोज संध्याकाळी चव बघायला येऊ लागला. आधी कोपरापर्यंत हात धुवायचा, मग खुर्ची ओढून परीक्षकासारखा बसायचा.

"कॉर्नफ्लोअर जास्त झालं," एके दिवशी तो म्हणाला. "ह्यानं भिंतीवर पोस्टर चिकटेल."

दुसऱ्या दिवशी तिनं चायना ग्रास घातलं. डिश उलटी केली तरी पाय हलेना.

"उभा राहिला की नाही?" तिनं ऐटीत विचारलं.

"राहिला… पण हा पाय नाही, टायर आहे."

"मग खाऊ नका!"

"असं कसं? तुम्ही केलाय म्हटल्यावर टायरसुद्धा खाणार."

ती पाठ फिरवून ओटा पुसू लागली. ओटा स्वच्छच होता. कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या होत्या.

"भार्गवी…" पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली. ती वळली. त्यानं नुसतंच स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. तिच्या गालाला चॉकलेट लागलं होतं. तिनं पुसलं, तर ते आणखी पसरलं. त्यानं रुमाल पुढे केला – आणि तिच्या हातात देताना सोडायला जरा उशीरच केला.

असे अकरा पाय बिघडले. वाढदिवसाला आठवडाच उरला.

पाडव्याच्या सकाळी भार्गवीची आई शकुंतलाबाई श्रीखंडासाठी पंच्यात टांगलेला चक्का सोडत होत्या. भार्गवी बघत राहिली. घट्ट, मऊ, लोण्यासारखा. चमचा खुपसला तर ताठ उभा!

"आई, ह्यातला अर्धा मला दे."

"अगं, सणाचं श्रीखंड आहे!"

"दे ना गं… आज चॉकलेटचा सण!"

तिनं काळं चॉकलेट वितळवून कोमट केलं, चक्का चाळणीतून घासून त्यात मिसळला, फेटलेलं क्रीम हलक्या हातानं कालवलं. बिस्किटाच्या तळावर ओतून डिश फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळी वीरधवलसमोर तिनं सुरी चालवली. तुकडा अलगद निघाला. कड धारदार, पोट मखमली.

त्यानं घास घेतला. डोळे मिटले. लगेच दुसरा चमचा भरला.

"अहो, सांगा ना!"

"थांब… संपू दे आधी."

ती टुणकन उडी मारून टाळ्या वाजवू लागली. तो 'थांब' म्हणाला होता, 'थांबा' नाही, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

वाढदिवसाच्या दिवशी पहाटेच आठ पाय बर्फाच्या पेट्यांत बसले. पेठ नाक्यापर्यंत भार्गवी मागं वळून बघत होती. कऱ्हाडला तर गाडी थांबवून तिनं प्रत्येक झाकण उघडलं.

"उभे आहेत?" वीरधवलनं विचारलं.

"आठही!"

साताऱ्यात, गोडोलीतल्या घरासमोर मांडव भरला होता. नाथाजी आबा फेटा बांधून, छातीवर पदकं लावून बसले होते. भार्गवीनं पहिली प्लेट त्यांच्या हातात दिली.

"अंडं न्हाई म्हंतीस?" आबांनी तुकडा सगळीकडून न्याहाळला. "मग ह्यो उभा कसा राह्यला?"

"चक्क्यावर, आबा."

"श्रीखंडाच्या?"

"व्हय," ती चटकन त्यांच्यासारखंच म्हणाली. आबांच्या मिशा हलल्या.

त्यांनी घास घेतला. मांडवातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. वीरधवल खांबाला धरून उभा होता.

"ही चव त्या मेसमधली न्हाई," आबा सावकाश म्हणाले.

वीरधवलचा चेहरा उतरला.

"तिच्यापरास लय चांगली हाय!"

मांडवात हशा आणि टाळ्या उसळल्या. आबांनी दुसरा तुकडा मागितला, मग हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "केला कुणी ते कळलं. पर म्हाताऱ्याची आवड एवढी ध्यानात ठिवली कुणी?"

"तुमच्या नातवानं," भार्गवी म्हणाली. "अकरा बिघडलेले पाय खाल्लेत त्यानं, तुमच्यासाठी."

आबा उठले. वीरधवलसमोर जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला घास भरवला. "माझं चुकलं, पोरा. तुझ्या कामाला मी कमी लेखलं." मग पाहुण्यांकडे वळून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "ह्यो माझा नातू! मशीनचा पक्का कारागीर हाय!"

घास तोंडात असतानाच वीरधवल वाकून त्यांच्या पाया पडला. भार्गवीनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि स्वतःचे डोळेही हळूच टिपले.

जेवणं झाली. आठही डिशा चाटूनपुसून रिकाम्या झाल्या होत्या. गाडीत पेट्या ठेवताना वीरधवल अडखळत म्हणाला, "ऑर्डर तर झाली. आता चव बघायला यायचं कारणच राहिलं नाही…"

"मग?"

"मग… कारण नसताना आलो तर?"

"चालणार नाही," ती गंभीरपणे म्हणाली. "खरं कारण सांगून यायचं."

त्यानं एक खोल श्वास घेतला. "तू मला आवडतेस, भार्गवी. फार. लग्न करशील माझ्याशी? दुकान तुझंच राहील, सांगली सुटणार नाही. रोज संध्याकाळी मी असेन… एवढंच."

"एवढंच?" तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही. "मला तर टायर खाल्लास त्याच दिवशी कळलं होतं, वेड्या. हो! करीन!"

आणि मग, त्याला काही सुचायच्या आत, त्याचा हात धरून ती सरळ मांडवात आबांसमोर गेली.

"आबा, तुमच्या नातवानं मला मागणी घातलीय. मी हो म्हणाले. तुमचा आशीर्वाद हवा."

आबांनी एकदा नातवाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग फेटा सारखा करत गरजले, "आशीर्वाद कसला मागतीस? गाडी तयार ठेव रं, वीरधवल! उद्या सकाळीच सांगलीला जाऊन हिच्या आईला भेटायचं हाय!"