रिकाम्या काट्यावरचे सातशे ग्रॅम

शपथेवर सांगतो, भाचरांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे… मी तेव्हा घरी घोरत होतो. पाहिलं माझ्या आतेबहिणीनं. पण ती थापा मारत नाही, आणि मी तिचंच सांगतोय. एक जागा सोडून. ती कुठली, ते शेवटी कबूल करीन. मध्ये विचारायचं नाही.

तिला आम्ही छोटीताई म्हणतो. उंची पावणेसहा फूट. बाळंतपणाच्या दवाखान्यात रात्रपाळीची नर्स. बारा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री दोनला दहा कमी असताना शाळेत शिकवणारी एक बाई बाळंत झाली. पहिलटकरीण. मुलगी झाली, ठणठणीत. डॉक्टर वरच्या मजल्यावरून डोळे चोळत उतरले, स्वच्छ पलंगाकडे बघून म्हणाले, "तीनशे मिली गेलं असेल रक्त. लिहा."

"मोजून लिहिते, डॉक्टर."

"सिस्टर, तीस वर्षं या डोळ्यांनी मोजतोय. किराणा दुकान आहे का हे?"

"नाही ना! दुकानात दहा ग्रॅम कमी भरले तर भांडण होतं. इथं माणूस जातं."

डॉक्टर जांभई देत वर गेले.

रीत सोपी आहे. रक्तानं भिजलेली फडकी तोलायची, कोरड्या फडक्याचे वीस-वीस ग्रॅम वजा करायचे. उरेल ते रक्त, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. पाचशेच्या वर गेलं की बाळंतिणीच्या जिवाला धोका. पण वॉर्डातल्या काट्याचा सेल संपलेला. म्हणून ताई जुना काटा आणायला गेली, व्हरांड्याच्या टोकाच्या अडगळीच्या खोलीत.

तो काटा वजनबाईंचा. जुन्या हेडनर्स. त्यांच्या मुलीच्या बाळंतपणात कुणीतरी असंच म्हणालं होतं, 'थोडंसंच गेलंय.' मुलगी गेली. तेव्हापासून बाई मरेपर्यंत फडकं न् फडकं तोलत राहिल्या. त्या वारल्या, आणि आठवड्याभरात काटा अडगळीत.

ताईनं धूळ पुसली. काटा शून्यावर आणला. सात फडकी तोलली. पाचशे चाळीस. त्यातून एकशे चाळीस गेले, राहिले चारशे. पाचशेच्या आत. तिनं फडकी उचलली आणि लिहायला वाकली.

टक्.

पारडं रिकामं होतं.

काटा सरकत होता. शंभर… तीनशे… सहाशे…

सातशेवर थांबला. थरथरत.

खोलीत चौथं कुणी नव्हतं. बाळंतीण, बाळ आणि ताई. तरी पारडं दाबल्यासारखं खाली…

आमची ताई घाबरली? घाबरली. पण कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, भीती दाखवायची तर सकाळी दाखवा. आत्ता मला वेळ नाही. काय सांगायचंय ते सांगा!"

काटा सातशेवरच.

मग पलंगावरून बारीक आवाज.

"सिस्टर… पंखा बंद करा ना…"

पंखा बंदच होता.

ताईनं तिचा हात धरला. गार. नाडी पळत होती. आणि ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फडक्यांचा गठ्ठा बाराचा असतो. तोलली सात.

"आयामावशी! पाच फडकी कुठायत?"

मावशी दारात आल्या. "अगं, डॉक्टर यायचे म्हणून खोली चकाचक केली. बादलीत टाकली. रोजच टाकते की!"

ताईनं झाकण उघडलं. पाच. चिंब.

तिनं ती पारड्यात ठेवली.

काटा हलला नाही.

तो आधीच तिथं होता.

सातशेतून शंभर गेले. सहाशे. आधीचे चारशे. हजार!

मावशींना बाळंतिणीजवळ बसवून ताईनं जिना तीन ढांगांत चढून दार बडवलं. "तीनशे नाही, हजार!"

"कोण म्हणतं?"

"काटा म्हणतो. खाली या, नाहीतर तीनशे लिहिते, सही तुम्ही करा!"

डॉक्टर अनवाणी धावले. इंजेक्शनं, सलाइन, रक्ताच्या पिशव्या. चार वाजता रक्त थांबलं. पहाटे बाळंतिणीनं चहा मागितला, आणि डॉक्टर ताईसमोर मान खाली घालून म्हणाले, "सिस्टर, चुकलं माझं."

तो काटा आता वॉर्डातच असतो. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. रिकामं पारडं, काटा शून्यावर. मध्यरात्र उलटली की वीसवर. बरोबर वीस. एका कोरड्या फडक्याचं वजन… कुणीतरी आधीच तयारीत ठेवलेलं.

आता कबुली. डॉक्टरांनी चूक मान्य केली, ते मी रचलं. बाकी सगळं खरं. खरे डॉक्टर सकाळी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी म्हणतच होतो, जास्त वाटतंय."

ताई म्हणाली, "म्हणू देत. काटा टेबलावरून हलवून दाखवा म्हणावं."