ओराजच्या नाकाचं अत्तर

सकाळच्या रपेटीत ओराज घोडा उधळला आणि सरदार मार्की द लोर्मेल यांच्या मुलाची मांडी मोडली. दुपारपर्यंत व्हर्सायच्या राजपागेत निवाडाही झाला. मोतद्दार रेमीने घोड्याला काहीतरी चारले असणार! संध्याकाळी त्याला बेड्या घालून गलबतावर वल्ही मारायला धाडायचे ठरले.

रेमीच्या बायकोने मादाम ऑब्राकचे पाय धरले. दरबारातली लपवाछपवी उकलावी ती या म्हाताऱ्या विधवेनेच. नेहमीप्रमाणे तिचा भाचा ओनोरे मागोमाग निघाला. पण आज त्याचे पाऊल जड होते. वाटेत त्याने बाहीतला रुमाल आणखी आत खुपसला.

"काल नाचात तुझ्या वासाची फार वाखाणणी झाली म्हणे," मादाम म्हणाली.

"लोक काय, काहीही बोलतात, मावशी."

पागेत रेमी कोपऱ्यात बसला होता. "घोड्या जवळ आल्या की ओराज बिथरतो, बाईसाहेब. म्हणून रपेटीआधी त्याच्या नाकपुड्यांना नारिंगीच्या फुलांचं अत्तर चोळतो. घोडीचा वास झाकला, की गरीब गाय."

"आज चोळलंस?"

"चोळलं की!"

"वास आला?"

"उभा जन्म लीद उपसली. या नाकाला आता काय कळतंय? कुपी त्या खिडकीत असते. काल हे भाचेसाहेबसुद्धा म्हणाले, झकास वास आहे."

ओनोरे खाली बघू लागला. मादामने कुपी उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली होती.

दुकानात अत्तरवाला कोर्बे तडकला. "ईस्टरच्या सणाला दिली ती, महिने लोटले. पुन्हा भरायला आलीच नाही. आणि माझ्या मालाला नावं ठेवू नका हं! माझ्या जिवावर अख्खा दरबार अंघोळ चुकवतो."

"यानंच पाणी घालून विकलं असेल!" ओनोरे जरा जास्तच मोठ्याने बोलला. मावशीने त्याच्याकडे एकदा पाहिले, बस्स.

संध्याकाळी पागेत मार्की आले. रेमीच्या हातात बेड्या होत्या.

"ईस्टरपासून वापरलेली कुपी भरलेली कशी?" मादामने विचारले. "कोर्बेनं भेसळ केली असती, तर ओराज केव्हाच उधळला असता. कालपर्यंत तो शांत होता. म्हणजे कालच कुणीतरी अत्तर काढून पाणी भरलं. चोरी लपवायला गळ्यापर्यंत भरलं, तिथंच तो फसला. रेमीच्या नाकाला पत्ता लागला नाही. चोराच्या मनात वाईट नव्हतं, महाराज. आपण दरबारी माणसं. अत्तर मिरवायलाच असतं, एवढंच आपल्याला ठाऊक."

"कोण तो?" मार्की गरजले.

मादामने कुपी परत खिडकीत ठेवली. उत्तर ठाऊक असून तिने ते पहिल्यांदाच सांगितले नाही.

तेवढ्यात घोड्या परतल्या. ओराज खिंकाळत मागच्या पायांवर उभा राहिला. माणसे पांगली. ओनोरे मात्र पुढे झाला. त्याने बाहीतून रुमाल काढून घोड्याच्या नाकाशी धरला. ओराज फुरफुरला, खाली आला, आणि हळूहळू त्याची मान झुकली.

"रेमीच्या बेड्या काढा," ओनोरे म्हणाला. "त्या माझ्या आहेत."

मादामने तोंड फिरवले. त्या रुमालावरची वेलबुट्टी तिनेच भरली होती.