दोर सोड, दादा

जवळ सरका. मध्ये कुणी हसायचं नाही, आणि मागे तर अजिबात बघायचं नाही.

माझा साडू पाण्याच्या खात्यात होता. काम काय, तर विहिरींची पातळी मोजायची. वजन लावलेली टेप खाली सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वाचायचा. पाणी डोक्यावरून गेलं तरी आधी खोली विचारेल, असा माणूस. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. म्हणून तर त्यानं सांगितलेलं मी खरं मानतो.

मार्चमधला दुसरा शुक्रवार. दुपारी भूकंप झाला. फार मोठा नाही. भांडी खडखडली, एकदोन भिंती तडकल्या. पण जमीन हलली की तिच्या पोटातलं पाणीही हलतं. कुठली विहीर आटते, कुठली भरते. म्हणून साहेबांनी साडूला एका जुन्या विहिरीवर बसवलं. रात्रभर, तासातासाला मोजायचं.

विहीर एका घराच्या परसात. घरात दोघंच. थोरला भाऊ आणि धाकट्याची बायको. काही वर्षांपूर्वी दोघं भाऊ विहीर खोल करत होते. आतली एक बाजू ढासळली. थोरल्यानं काम सोडलं, वर लोखंडी झाकण टाकलं. धाकटा त्याच दिवशी भांडून निघून गेला, बोटीवर कामाला लागला, असं थोरल्यानं सगळ्यांना सांगितलं. फोन नाही, निरोप नाही. बाई बिचारी वाट बघत राहिली.

साडूनं झाकण सरकवलं. टेप सोडली. चौदा मीटर.

पुढच्या तासाला नऊ.

भूकंपानं पाणी चढतं, पण वीतभर, हातभर. हे तर जिना चढून यावं तसं येत होतं.

मध्यरात्र उलटली तसा थोरला बॅटरी घेऊन बाहेर आला. "झालं की मोजून. लावा ते झाकण."

"सकाळपर्यंत थांबायचंय मला. हुकूम आहे."

"विहीर माझी आहे!"

साडू काही बोलणार, तेवढ्यात खालून आवाज आला. थकलेला. ओला.

"दादा..."

थोरल्याच्या हातातली बॅटरी पडली.

"दादा... दोर सोड."

पाणी आता दोन हातांवर होतं. काळं. त्यावर एक तरंग नाही.

"मी खाली होतो... तू दोर वर का ओढलास?"

"मी नाही... माती आली रे... मी घाबरलो..."

"माती नंतर आली, दादा."

साडूनं मान वळवली. मागच्या दारात धाकट्याची बायको उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

पाणी काठावर आलं. थोरल्याच्या पायांवरून गेलं. थांबलं.

मग मागे फिरलं.

थोरलाही पाण्याबरोबर आत. काठाला बोटं अडकली होती, तेवढीच. "अगं, दोर आण! दोर!"

दोर तिच्या मागे खुंटीला होता. साडू धावला. ती दारातून हलली नाही.

"दोर तुमच्याच हातात होता ना, भाऊजी?" विहिरीकडे बघत एवढंच बोलली. हळू.

साडूनं तिला ढकलून दोर काढला, पळत आला.

काठावर बोटं नव्हती.

आत बघितलं...

पाणीही नव्हतं.

सकाळी माणसं उतरली. विहिरीत ओंजळभर पाणी नाही, नुसता चिखल. थोरला बुडून मेलेला. त्याच्याखाली उघडी पडलेली हाडं, कुशीवर निजल्यासारखी. धाकट्याची. बाईनं ती पाहिली, पदरानं तोंड पुसलं आणि आत जाऊन चूल पेटवली. रडली नाही.

पोलिसांनी थोरल्याची खोली उघडायला लावली. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली थोरल्याच्याच खिशात. साडू पंच म्हणून आत गेला.

पलंगावरची चादर चिंब ओली. उशीवर गाळ. कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा खड्डा गादीला पडलेला.

साडूनं हात लावून पाहिला.

गादी अजून उबदार होती.