बाहेरची कडी

शेठजींच्या कोटाचे खांदे उसवून आत घ्यायचे, एवढंच त्या दुपारी बाईंच्या हातात काम होतं. उद्या पेढीवरच्या खुर्चीत त्या धाकट्या दिराला बसवणार होत्या आणि हा कोट त्याच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. शेठजी माणूसच आडदांड. जहाजांचा धंदा, गडगंज पैसा. पण नव्या जहाजाची पहिली सफर स्वतः केल्याशिवाय त्यावर दुसऱ्याचा माल चढवू द्यायचे नाहीत. त्याच हट्टापायी यंदा धुक्यात जहाज खडकावर आपटलं आणि शेठजी त्याच्यासकट तळाला गेले.

सोबत गेलेला धाकटा वाचला. "दादानं स्वतःचा तरंगायचा पट्टा माझ्या गळ्यात घातला, वहिनी," असं तो सांगे, आणि बाई दर वेळी रडत. आईविना पोर म्हणून त्याला न्हाऊमाखू घालून, भरवून वाढवला तो त्यांनीच. पोटी मूल नव्हतं. सगळी माया त्याच्यावर ओतलेली.

खोलीच्या भिंतीत एक पितळी नळी होती. जहाजावर कप्तान इंजिनघराशी बोलतो तशी शेठजींनी हौसेनं बसवून घेतलेली, थेट खालच्या कचेरीपर्यंत. खालून फुंकर मारली की वर शिटी वाजायची, मग बूच काढून बोलायचं. शेठजी कामाचं म्हणून शिटी मारायचे आणि बहुतेक वेळा चहाच मागायचे.

शिटी वाजली.

बाईंनी सवयीनं बूच काढलं. कचेरीला तर शेठजी गेल्यापासून कुलूप आहे, हे त्यांना बूच हातात आल्यावर आठवलं. नळीतून गार, खारट वास आला. गंजाचा, कुजक्या दोरखंडाचा. आत कुठंतरी पाणी डुबुक डुबुक करत होतं.

"अगं... ऐकतेस का?"

आवाज शेठजींचाच.

"धाकट्याला सांग, कडी काढ म्हणावं. चेष्टा पुरे झाली. पाणी छातीला लागलंय..."

बाईंना जहाजावरच्या कड्या आठवल्या. रिकाम्या खोल्यांची दारं हेलकाव्यांनी आपटू नयेत म्हणून शेठजींच्या जहाजांवर प्रत्येक दाराला बाहेरूनही कडी असे. आणि लहानपणी घरात दादाला कोंडून खिदळणं हा तर धाकट्याचा आवडता खेळ.

त्यांनी त्याला हाक मारली. तो हसतच आला.

"काय, वहिनी? कोट झाला?"

"तुझा दादा बोलतोय," बाई नळीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "तुझ्याकडे काहीतरी मागतोय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी... मी कडी लावली नव्हती, वहिनी."

कडीचं नावसुद्धा बाईंनी काढलं नव्हतं. दुःख चार महिने गिळलं होतं, पण हे घशाखाली उतरेना. आपल्याच हातचं खाऊन यानं केसानं गळा कापला.

"आणि तो पट्टा?"

"दाराशी खुंटीला होता, तोच घेतला." तो खाली बघत पुटपुटला. मग एकदम उसळला, "खाली कोणीतरी लबाडी करतंय! किल्ली द्या. बघतोच."

बाईंनी कमरेची किल्ली काढून दिली. तो धाडधाड जिना उतरला.

"सापडला का गं तो?" नळीतून आवाज आला. "त्याला आधी होडीत बसव. पोहता येत नाही त्याला..."

बाईंना हुंदका आवरेना. बुडून चार महिने झाले तरी या भोळ्या माणसाला अजून पत्ता नव्हता. खरं सांगावं तर मेलेल्याला पुन्हा मारल्यासारखं.

"येतोय तो," त्या म्हणाल्या. "दार उघडायलाच येतोय."

खाली कुलूप निघालं. दार करकरलं आणि धाडकन लागलं. लगेच नळीतून "दादा!" अशी किंकाळी आली, आणि तोंडात पाणी गेल्यावर बोलणं तुटतं तशी ती तुटली.

बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं.

"अहो..." बाईंनी नळीला तोंड लावलं. "उघडलं का त्यानं?"

"उघडलं ना. आत आलाय, मला घट्ट धरून बसलाय." मग शेठजींनी अगदी हळू, दुखावल्या आवाजात विचारलं, "पण कडी पुन्हा लागली गं, बाहेरून... या खेपेला तू लावलीस का?"